नवा कोयता पहिल्यांदा ऊसतोडीला निघतो तेव्हा

पोळा जवळ आला की आमच्या बीड जिल्ह्यातल्या धारूर-वडवणीच्या डोंगरपट्ट्यात मुकादमांच्या, म्हणजे कारखान्यासाठी मजूर जमवणाऱ्यांच्या, मोटारसायकली फिरायला लागतात. ओट्यावर चहा होतो, नोटा मोजल्या जातात, आणि घरातल्या दोन माणसांचे पुढचे पाच-सहा महिने त्या चहाच्या वेळात ठरतात. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या निघतात त्या थेट गुढीपाडव्याच्या आसपास माघारी येतात.

मी चौदा हंगाम ऊस तोडला. मालकांची, म्हणजे नवऱ्याची, कंबर गेली तेव्हापासून गावातच असते आणि ऊसतोड कामगारांच्या संघटनेचे फॉर्म भरून देते. दरवर्षी पाच-सात नवी जोडपी माझ्याकडे येतात, पण बहुतेक वेळा उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेऊन झाल्यावर. त्यांना जे आधी कळायला हवं होतं ते इथे लिहिते आहे. पहिल्या वर्षी आम्ही कोऱ्या बाँडवर सह्या केल्या, वही ठेवली नाही, आणि पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, तेव्हा ११ हजार बाकी अंगावर निघाली. ती खरी होती की खोटी हे आम्हाला आजपर्यंत माहीत नाही. ती फेडायला दुसऱ्या वर्षी त्याच मुकादमाकडे जावं लागलं.

आधी शब्द समजून घ्या

कोयता म्हणजे नुसतं हत्यार नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटा माणूस अर्धा कोयता. उचल कोयत्यावर मिळते, मजुरी कोयत्यावर निघते. म्हणूनच आमच्याकडे हंगामाच्या तोंडावर घाईघाईने लग्नं उरकली जातात आणि त्यांना ‘गेटकेन लग्न’ असं नावही पडलं आहे. मुलगी १८ ची आणि मुलगा २१ चा झाल्याशिवाय लग्न लावणं गुन्हा आहे, आणि पंधरा वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर मोळी देणं हे त्याहून वाईट आहे. घरात असा विषय निघाला तर १०९८ वर फोन करा. नाव गुप्त ठेवतात.

टोळ्या मुख्यतः दोन तऱ्हेच्या. ट्रॅक्टर किंवा ट्रकवर चालते ती डोकी सेंटरची टोळी: आठ-दहा कोयते एकत्र तोडतात, मोळ्या डोक्यावरून वाहून वाहनात भरतात आणि आलेली मजुरी वाटून घेतात. दुसरं गाडीसेंटर: तुमची बैलजोडी आणि टायरची बैलगाडी, ऊस कारखान्याच्या जवळपासचा, तोडायचा-भरायचा-पोचवायचा सगळं तुम्हीच. गाडीसेंटरला कमाई तुमच्या एकट्याची असते, पण बैलांचा खर्च, गाडीचं भाडं आणि कारखान्याच्या दारातली रात्रभराची रांगही तुमचीच. बैलांची सवय नसलेल्या नव्या जोडप्याने पहिली एक-दोन वर्षं टोळीत काढावीत असं माझं मत आहे. टोळीत शिकवायला माणसं असतात, आणि एखाद्या दिवशी ताप आला तर सांभाळून घेतात.

टोळी निवडताना लोक उचल कोण जास्त देतो ते बघतात. मी म्हणते, त्या मुकादमाकडून मागच्या हंगामात आलेल्या दोन बायकांना भेटा. बायकांनाच विचारा, कारण पुरुष एकमेकांच्या नात्यागोत्यातले असतात आणि सांभाळून बोलतात. तळावर, म्हणजे टोळीच्या मुक्कामाच्या जागी, पाणी किती लांब होतं, बाळंतपण कुणाचं झालं आणि तेव्हा काय केलं, खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड, किती लावला, हिशोब कागदावर दिला का, एवढं विचारलं तरी पुरे. मुकादम आपल्याच गावचा असतो आणि तोही वाहनमालकाच्या किंवा कारखान्याच्या उचलीखाली दबलेला असतो. सगळेच लुबाडतात असं नाही. आम्हाला शेवटची सहा वर्षं जो भेटला त्याने दर पंधरवड्याला वही वाचून दाखवली.

उचल घेण्याआधीचं गणित

हे गणित मुकादम ओट्यावर बसलेला असताना जमत नाही. आदल्या रात्री घरी करा.

जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात साखर संघ आणि संघटनांमध्ये जो करार झाला त्यात तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि टनाला साधारण २७३ रुपये होते ते ३६६ झाले. तो करार २०२३-२४ पासून तीन हंगामांसाठीचा. गाडीसेंटर, वाहतुकीचं अंतर यावरून आकडा बदलतो, आणि पुढच्या करारात पुन्हा बदलेल, म्हणून तुमच्या हंगामाचा दर संघटनेकडून विचारून घ्या. मी ३६६ धरून दाखवते.

नवं जोडपं पहिल्या महिन्यात दिवसाला दीड टनाच्या वर जात नाही. हात बसला की दोन टन होतात. आपण दीड धरू. दीड टनाचे दिवसाला ५४९ रुपये. हंगाम पाच महिन्यांचा म्हणतात, पण वाहन वेळेवर येत नाही, पाऊस पडतो, कारखाना बंद पडतो, माणूस आजारी पडतं. हातात १२० दिवस खरे धरा. १२० गुणिले ५४९ म्हणजे ६५,८८०. रोज दोन टन तोडले तरी ८७,८४०.

आता यातून खर्ची वजा करायची. तळावर किराणा, दवाखाना, मोबाईल यासाठी मुकादम दर आठ-पंधरा दिवसांनी जे पैसे देतो ते तुमच्या उचलीतच चढतात. आठवड्याला हजार धरले तरी हंगामात वीस हजारांच्या पुढे जातात. म्हणजे नवख्या कोयत्याला जेमतेम ४५ हजारांची उचल फिटते. मुकादम समोर लाखभर ठेवतो तेव्हा तो दया करत नसतो आणि फसवतही नसतो, तो पुढच्या वर्षीचं माणूस आत्ताच बांधून घेत असतो. लाख घेतले की बाकी निघणार, बाकी निघाली की पुढच्या वर्षी त्याच्याकडेच जावं लागणार.

घरात लग्न असतं, आजारपण असतं, डोक्यावर सावकार असतो. मला ठाऊक आहे. तरीही जेवढी फिटेल तेवढीच उचल, आणि वरची गरज असेल तर बचत गटातून किंवा बँकेतून. उचलीला व्याज नाही असं सांगतात, पण ती फिटली नाही की त्याची किंमत तुमच्या पुढच्या पाच महिन्यांत मोजली जाते.

वाढ्याचे पैसे या गणितात धरू नका. वाढं म्हणजे उसाचा हिरवा शेंडा. जनावरवाले पेंढ्या विकत घेतात आणि रोजचं मीठ-मिरची त्यावर निघतं. पण जिथे दुष्काळ नसतो तिथे गिऱ्हाईक नसतं.

आणखी एक. मुकादमाचं कमिशन कारखाना वेगळं देतो, २०२४ च्या करारात ते १९ वरून २० टक्के झालं. ते तुमच्या मजुरीतून कापायचं नसतं. कुणी कापत असेल तर हिशोबाच्या कागदावर तसं लिहून मागा. लिहून द्यायची वेळ आली की बहुतेक कापणं थांबतं.

सही कुठे करायची

उचल घेताना बाँड करतात. त्यावर रक्कम, तारीख, कारखान्याचं नाव, कामाचा काळ, टनाचा दर आणि खाड्याचा दर लिहिलेला असला पाहिजे. खाडा म्हणजे तुम्ही कामावर आला नाहीत तर त्या दिवसाचा दंड. बऱ्याच टोळ्यांत तो कोयत्याला ५०० ते १००० असतो, म्हणजे एका दिवसाची मजुरी जाते आणि वर तेवढंच पुन्हा. आजारपणाला आणि पाळीच्या दिवसांना खाडा लागणार की नाही हे गावातच बोलून घ्या. फडात बोलायला गेलात तर उशीर झालेला असतो.

कोऱ्या बाँडवर सही किंवा अंगठा देऊ नका. कोरा चेक देऊ नका. आधार कार्डाची झेरॉक्स द्या, मूळ कार्ड देऊ नका. झेरॉक्सवर आडवी रेघ मारून ‘ऊसतोड उचलीसाठी’ आणि तारीख लिहा. बाँड झाला की प्रत्येक पानाचा फोटो स्वतःच्या मोबाईलमध्ये काढा आणि गावात राहणाऱ्या एका माणसाला पाठवून ठेवा, कारण फडात मोबाईल पाण्यात पडतो, चोरीला जातो. उचल शक्यतो खात्यावर घ्या. हातात घेतलीत तर वहीत रक्कम लिहून दोघांच्या सह्या घ्या.

बाईने बाँड वाचून घ्यावा. कोयत्यातला अर्धा भाग तिचा आहे, पण कागदावर बहुधा एकट्या नवऱ्याचं नाव असतं. दोघांची नावं लिहायला सांगा. मुकादम हसला तर हसू द्या. उद्या नवऱ्याला काही झालं तर त्या एका ओळीवर तुमची मजुरी मिळते की नाही हे ठरतं.

गाव सोडण्याआधीचे आठ दिवस

ग्रामपंचायतीत जाऊन ग्रामसेवकाकडे ऊसतोड कामगार म्हणून नोंद करायला सांगा. मागच्या तीन किंवा अधिक वर्षांपासून तोडीला जाणाऱ्यांना ओळखपत्र द्यायचं असं शासनाने २०२१ मध्ये ठरवलं. तुम्ही नवे असाल तर लगेच मिळणार नाही. म्हणून पहिल्या वर्षापासून बाँडचे फोटो, वजनाच्या पावत्या, हिशोबाचा कागद जपून ठेवा. तीन वर्षांनी हेच पुरावे लागतात, आणि मी बघितलं आहे, वीस-वीस वर्षं तोडलेल्या माणसांकडे एक चिठोरं नसतं.

ई-श्रम कार्ड काढा, सेवा केंद्रात होतं, आधार आणि बँक खातं लागतं. दोघांचंही वेगवेगळं. बँकेत प्रधानमंत्री सुरक्षा विमा सुरू करा: वर्षाला २० रुपये कापले जातात आणि अपघाती मृत्यूला २ लाखांचं संरक्षण आहे. १ जूनपासून वर्ष धरतात, तेव्हा मे महिन्याच्या शेवटी खात्यात २० रुपये असले पाहिजेत. आमच्या तळावर एका घरात ते वीस रुपये खात्यात नव्हते म्हणून दोन लाख गेले. या एका गोष्टीसाठी मी माणसांच्या मागे लागते.

रेशन कार्डाचं आधार जोडलेलं असेल तर कोल्हापुरात काय, कर्नाटकात काय, तिथल्या दुकानातून धान्य मिळतं. निघण्याआधी गावच्या दुकानात अंगठा लागतो का ते तपासा. कोयत्याच्या मुठीने बोटांचे ठसे झिजतात, त्यामुळे आधारवरचे ठसे एकदा नवे करून घेणं बरं.

पोरांचं काय करायचं हा सगळ्यात जड प्रश्न. शक्य असेल तर गावातच ठेवा. शाळेत हंगामी वसतिगृहाची सोय असते, म्हणजे आई-बाप तोडीला गेलेल्या मुलांना गावातच जेवण आणि देखरेख. मुख्याध्यापकांना दिवाळीच्या आधी भेटून यादीत नाव घाला. मोठ्या मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आहे. ऊसतोड कामगारांचे तालुके धरून ४१ तालुक्यांत मुलांचं एक आणि मुलींचं एक अशी ८२ वसतिगृहं त्यात मंजूर झाली. तुमच्या तालुक्यातलं सुरू आहे का हे समाजकल्याण कार्यालयात विचारा. मूल बरोबर न्यायचंच असेल तर शाळेतून शिक्षण हमी कार्ड घ्या, त्यावर तिकडच्या शाळेला प्रवेश द्यावा लागतो. लहान बाळाचं लसीकरणाचं कार्ड आणि गरोदर असाल तर माता-बाल कार्ड पिशवीत सगळ्यात वर.

फडात

काम असं चालतं. पहाटे चार-पाचला उठायचं, कोपीतून, म्हणजे तळावरच्या झोपडीतून, फडापर्यंत जायचं, उजाडताना पहिला ऊस पडला पाहिजे. पुरुष बहुधा तोडतो आणि बाई पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं, काढून मोळ्या बांधते. हात बसला की दोघं दोन्ही करतात.

ऊस जमिनीलगत तोडा. नव्या माणसाला वाकायला त्रास होतो म्हणून तो वीतभर बुडखा सोडतो. साखर खालच्या कांड्यांत जास्त असते, वजनही तिथेच, आणि बुडखा राहिला तर शेतकऱ्याचा खोडवा, म्हणजे त्याच मुळांवरचं पुढचं पीक, नीट फुटत नाही. शेतकरी बांधावर उभा असतो, त्याच्याशी पहिलं भांडण यावरूनच होतं. वाढं कांडी सुटते तिथे छाटा. मोळीत पाचट राहिलं तर कारखान्यात ऊस टाकतात त्या गव्हाणीवर ओरड होते. कोयत्याला दिवसातून दोन-तीनदा कानस लावा. बोथट कोयता घसरून पायावर येतो, आणि पहिल्या हंगामातल्या जखमा बहुतेक डाव्या नडगीवर किंवा डाव्या हाताच्या बोटांवर असतात. जुनी जीन आणि बूट घाला. बायकांनी साडीवर पुरुषी शर्ट घालावा, पाचट हात चिरत जातं.

तोडलेला ऊस उन्हात वाळतो आणि वजन उतरतं. मजुरी कारखान्याच्या काट्यावरच्या वजनाची असते, तेव्हा आज तोडलेला ऊस आजच वाहनात गेला पाहिजे. म्हणून रात्री दहाला ट्रॅक्टर आला तरी उठावं लागतं. भरणी हे सगळ्यात धोक्याचं काम. डोक्यावर तीस-चाळीस किलोची मोळी आणि पायाखाली एक फळी, तीही दवाने निसरडी. फळी दोन्ही टोकांना पक्की बसली आहे का हे स्वतः पाय देऊन बघा. अंधारात उजेडाशिवाय भरणी करू नका, चालकाला दिवे लावायला सांगा. भरल्या ट्रॉलीवर बसून झोपत कारखान्यापर्यंत जाऊ नका. कितीतरी माणसं अशी गेली.

मुलांना फडाच्या कडेला पाचटाच्या ढिगात निजवू नका. वाहन मागे घेताना चालकाला ते दिसत नाही, आणि ढिगात सापही असतो. जुन्नर, अहिल्यानगर, नाशिक या बाजूला उसात बिबट्या राहतो. तिथे लेकरू कायम मोठ्या माणसाच्या हाताच्या अंतरावर पाहिजे आणि पहाटे बाहेर जाताना दोघी-तिघींनी मिळून बॅटरी घेऊन जावं.

शेतकऱ्याकडे तोडीसाठी पैसे मागण्याची रीत पडली आहे. कुणी ‘खुशाली’ म्हणतं, चालक ‘एंट्री’ म्हणतात. तुम्ही त्यात पडू नका. तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या उसाच्या बिलातूनच कापला जातो, म्हणजे त्याने तुमची मजुरी आधीच दिलेली आहे. तक्रार झाली तर कारखाना ती रक्कम मुकादमाच्या बिलातून वसूल करतो आणि शेवटी ती तुमच्या हिशोबात येते.

वही

शंभर पानी वही, एक पेन, प्लास्टिकची पिशवी. रोज एक ओळ: तारीख, शेतकऱ्याचं नाव, वाहनाचा नंबर, पावतीवरचं वजन, टोळीत त्या दिवशी किती कोयते होते, खर्ची घेतली असेल तर किती. वजनाची पावती दुसऱ्या दिवशी चालक किंवा कारखान्याचा चिटबॉय आणतो. तिचा फोटो काढा. टोळीत एकाने जरी हे केलं तरी सगळ्यांचं भागतं, पण तो मुकादमाचा सख्खा नको.

मला लिहिता येत होतं आणि तरी पहिल्या वर्षी मी लिहिलं नाही, कारण रात्री अकराला कोपीत आल्यावर भाकरी थापायची ताकदही नसायची. म्हणून सांगते, रात्री लिहू नका. सकाळी फडात पोचल्यावर कोयत्याला धार लावायच्या वेळी आदल्या दिवसाची ओळ लिहा. लिहिता येत नसेल तर मोबाईलमध्ये बोलून ठेवा.

वहीचा उपयोग नुसता बाकीसाठी नाही. २०२४ ची वाढ हंगाम निम्मा झाल्यावर जाहीर झाली, पण लागू झाली त्या हंगामापासून. म्हणजे आधी तोडलेल्या टनांचा फरक मिळायला हवा होता. ज्यांच्याकडे टनांची नोंद होती त्यांना तो आकड्यानिशी मागता आला.

बाईचं शरीर

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली तेव्हा १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. त्यातल्या कितीतरी तिशीतल्या. अंगावरून जातं, पोट दुखतं, खाडा परवडत नाही, आणि कुणीतरी म्हणतं पिशवी काढून टाक म्हणजे कटकट मिटेल. मिटत नाही. कंबर, हाडं, घाबरल्यासारखं होणं हे पुढची वीस वर्षं चालतं. माझ्या जावेचं मी रोज बघते.

निघण्याआधी आशाताईंना सांगून प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्या, रक्त कमी असेल तर गोळ्या बरोबर घ्या. पाळीसाठी सुती कापड पुरेसं न्या, धुऊन उन्हात वाळवा, कोपीच्या आतल्या ओलीत नको. पांढरं जाणं, जळजळ यासाठी जवळच्या सरकारी दवाखान्यात जा, त्यावर औषध आहे. पिशवी काढायला सांगितलं तर गावी येऊन सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय हो म्हणू नका. गरोदरपणात सातव्या महिन्यानंतर मोळी उचलू नका, असं मी मुकादमासमोर सांगते आणि नवऱ्यासमोरही सांगते. कळा सुरू झाल्या तर १०८. तळाचा पत्ता, जवळचं गाव आणि शेतकऱ्याचं नाव पाठ असू द्या, गाडीवाल्याला ‘उसाच्या फडात’ एवढं सांगून भागत नाही.

संघटना आणि महामंडळ

या दोन गोष्टी लोक एकच समजतात. लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ हे शासनाचं आहे. कारखान्याने गाळपाच्या टनामागे १० रुपये द्यायचे आणि शासनाने तेवढेच घालायचे, त्यातून योजना चालवायच्या. ओळखपत्र, वसतिगृह, मदत हे तिकडचं. संघटना आपली असते. दर वाढवून घेणं, कोयता बंद करणं म्हणजे तोड थांबवणं, अडकलेल्या टोळीसाठी कारखान्यावर माणूस पाठवणं ही तिची कामं. २०२० ला १४ टक्के आणि नंतर ३४ टक्के जे वाढले ते महामंडळाने दिलेले नाहीत. संघटनांनी हंगामाच्या तोंडावर कोयता बंदचा इशारा दिला, मग बैठका झाल्या.

संघटना अनेक आहेत. सीटू या कामगार महासंघाशी जोडलेली ऊसतोडणी व वाहतूक कामगारांची संघटना आहे, वेगवेगळ्या पुढाऱ्यांच्या आहेत, मुकादम आणि मजूर दोघांना घेणाऱ्याही आहेत. ऊसतोड बायकांच्या प्रश्नांवर महिला किसान अधिकार मंच, म्हणजे मकाम, काम करतो. मी कोणती धरा हे सांगणार नाही, पण पैसे देण्याआधी चार गोष्टी विचारा. नोंदणी क्रमांक काय. कार्यकारिणीत प्रत्यक्ष तोडीला जाणारी माणसं किती आणि त्यात बायका किती. मुकादम सभासद असतील तर मजुराची मुकादमाविरुद्ध तक्रार आली की कोण ऐकतं. आणि तुमच्या कारखान्याच्या भागात फोन उचलणारा माणूस कोण. चौथ्याचं उत्तर नावासकट मिळालं नाही तर दुसरी संघटना बघा.

सभासद व्हायची वेळ म्हणजे उचलीच्या आधीची, आषाढ-श्रावणातली. तेव्हा तालुक्याला मेळावे होतात, प्रतिनिधी गावात येतात. फॉर्मवर नाव, गाव, आधार क्रमांक, मुकादमाचं नाव आणि कारखाना भरायचा असतो. मुकादम ठरला नसेल तर ती ओळ मोकळी ठेवा आणि ठरल्यावर प्रतिनिधीला फोन करून भरून घ्या, कारण अडचणीच्या वेळी त्याच ओळीवरून तुम्ही सापडता. वर्गणी वर्षाची आणि माफक असते. छापील, क्रमांक असलेली पावती घ्या. हजारांत रक्कम मागून ‘योजना मिळवून देतो’ म्हणणारा माणूस संघटनेचा नसतो, दलाल असतो.

नवरा-बायकोने दोन वेगळे फॉर्म भरावेत. एका कोयत्याचा एकच फॉर्म ही सवय मोडायला आम्हाला आमच्या गावात चार वर्षं लागली. आता मेळाव्याला बायका पुढच्या सतरंजीवर बसतात आणि तळावरच्या संडासाचा, पाण्याचा विषय मागणीपत्रात येतो. पुरुषांनी लिहिलेल्या मागणीपत्रात तो कधी आला नव्हता.

संघटना काय करू शकत नाही हेही कळू द्या. लाखाची उचल घेऊन अर्ध्या हंगामात रात्री पळून आलात तर ती तुमची बाजू लढवू शकते, पण उचल नाहीशी करू शकत नाही. टोळीतली भाऊबंदकी ती मिटवत बसत नाही. आणि तुमच्याकडे वही नसेल तर प्रतिनिधी कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्यासमोर जाऊन बोलणार काय?

अडकलात तर

उचल फिटेपर्यंत कोंडून ठेवणं, मोबाईल काढून घेणं, बायकोला किंवा पोराला ‘ठेवून’ नवऱ्याला पैसे आणायला पाठवणं, मारहाण करणं, हे देण्याघेण्याचं भांडण नाही. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याखाली तो गुन्हा आहे आणि असं कर्ज कायद्याने रद्द होतं. पहिला फोन ११२ ला, दुसरा संघटनेच्या माणसाला. मग तिथल्या तहसीलदार, प्रांत किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज. गावाकडच्या नातेवाइकानेही आपल्या जिल्ह्यात अर्ज करावा, दोन्हीकडून पत्र गेलं की हालचाल लवकर होते. वकील परवडत नसेल तर १५१०० वर विधी सेवा प्राधिकरणाची मदत मिळते, बायकांना ती मोफत आहे.

अपघात झाला तर घाईने प्रेत किंवा जखमी गावी आणू नका. आधी सरकारी दवाखान्यात नोंद, पोलिसांचा पंचनामा, वाहनाचा नंबर, कारखान्याच्या गटकार्यालयात लेखी कळवणं. दुःखात हे सुचत नाही, म्हणून टोळीतल्या एका माणसाला हे काम आधीच नेमून द्या.

पट्टा पडल्यावर

शेवटच्या दिवशी सगळ्यांना घराची ओढ असते. सामान ट्रॅक्टरमध्ये चढलेलं असतं, पोरं नाचत असतात, आणि मुकादम म्हणतो ‘हिशोब गावी करू’. तिथेच करा. तुमची वही आणि त्याची वही शेजारी ठेवून एकूण टन, दर, खर्ची, खाडे, उचल आणि बाकी किंवा देणं एका कागदावर लिहून घ्या, त्याची सही घ्या. उचल फिटली असेल तर मूळ बाँड परत मागा आणि तो समोर फाडायचा नाही, त्यावर ‘फिटले’ लिहून सही-तारीख घेऊन घरी आणायचा. बाकी निघाली असेल तर तो आकडाही लिहून घ्या, म्हणजे पोळ्यापर्यंत तो वाढत नाही. कागद हातात आला की मग ट्रॅक्टरमध्ये चढा.